चूक ओळ क्रमांक ४१७ मध्ये आहे

माझं आणि स्वल्पविरामाचं वैर असण्याचं काही कारण नव्हतं. शाळेत आमचे मराठीचे मास्तर निबंध तपासताना, जिथे जिथे मी स्वल्पविराम विसरलो असेन तिथे तिथे हातावर एक छडी देत. स्वल्पविराम म्हणजे क्षणभर थांबणे, अशी त्यांची व्याख्या होती. आणि छडी बसली की मनुष्य क्षणभर थांबतोच, त्यामुळे ती व्याख्या माझ्या अंगी चांगली मुरली. पुढे जन्मभर मी स्वल्पविराम सढळ हाताने वापरले. बँकेतल्या नोकरीत साध्या रजेच्या अर्जातसुद्धा, ‘महाशय, विनंती की, माझ्या पोटात, काल रात्रीपासून, दुखत असल्याकारणाने,’ असे ओळीला चार स्वल्पविराम पेरून मी साहेबाला चार ठिकाणी थांबायला लावीत असे. रजा मिळे. असं सरळमार्गी, विरामचिन्हयुक्त आयुष्य काढल्यावर अडुसष्टाव्या वर्षी याच स्वल्पविरामाने माझं नाक कापावं, आणि तेही सबंध गावासमोर, याला काय म्हणावं?

पण आधी मी कोण, ते सांगतो. मी अष्टागरातला. अलिबागेहून रेवदंड्याच्या बाजूला निघालं की दोन्ही अंगांना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात, त्यांतल्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे ज्या कार्यालयाचा उल्लेख येणार आहे त्याच्याशी आमचा पत्रव्यवहार अजून चालू आहे. आमची बागायतदारांची एक लहानशी संस्था आहे. मी २०१३ साली बँकेतून निवृत्त होऊन गावी परतलो, त्याच आठवड्यात मला संस्थेचा सेक्रेटरी करण्यात आलं. ‘तुम्ही काय, घरीच असता,’ एवढ्या एकाच पात्रतेवर. पगार नाही, मान आहे. म्हणजे लोक रात्री साडेनवालासुद्धा दार ठोठावू शकतात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावर आलं. दुपारची वेळ, ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा. अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, सगळी किनारपट्टी झोडपून निघाली. त्या वादळाचं वर्णन करणं मला जमणार नाही. एवढंच सांगतो की संध्याकाळी बाहेर आलो तेव्हा घराच्या ओटीवरून समुद्र दिसला. जन्मापासून त्या ओटीवर बसलो, पण तिथून समुद्र कधी दिसला नव्हता. मध्ये वाड्या होत्या. पोफळी काडेपेटीतल्या काड्या मोडाव्यात तशा कमरेत मोडलेल्या. ज्याला सुपारीची बाग ठाऊक नाही त्याला यातली गोम कळायची नाही. भातशेती बुडाली तर पुढल्या पावसात पुन्हा भात लावता येतो. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. साठीच्या माणसाने पोफळ लावायची ती नातवासाठी, किंवा निव्वळ हट्टाने.

तर पुढे वर्षभराने एका कार्यालयाने कळवलं, की नव्या लागवडीसाठी मदत मिळेल. संस्थेने सभासदांची माहिती विहित नमुन्यातल्या फाईलमध्ये भरून संकेतस्थळावर चढवावी. मला आनंद झाला. यादी करणं हा माझा धर्म. मी चार वह्या आखल्या, घरोघर हिंडलो, सातबारे पाहिले, पासबुकं पाहिली, आणि ६१२ सभासदांची यादी अशा अक्षरात उतरवली की आमचे शाळेतले मास्तर असते तर त्यांनी छडी खाली ठेवली असती. माझा भाचा पनवेलला संगणकाचं काहीतरी करतो. टाळेबंदीपासून तो लॅपटॉप घेऊन आमच्याकडेच मुक्कामाला होता. त्याने ती यादी शीटवर चढवली. बत्तीस रकाने. २०१७ च्या शेतकरी कर्जमाफीत बँकांकडून जी माहिती मागवली होती तिचे रकाने सहासष्ट होते. त्या मानाने आमच्यावर दयाच झाली म्हणायची.

शेवटी शेवटी मला राहवेना. ‘माझी ओळ मीच टाईप करतो,’ असं मी भाच्याला सांगितलं आणि एका बोटाने तासाभरात ती केली. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं.

फाईल चढवायची तर नेट हवं. आमच्याकडे नेट पाण्याच्या टाकीवर येतं. भाचा वर चढला, मी खाली शिडी धरून उभा. पडद्यावर एक चक्र फिरायला लागलं. सुदर्शनचक्र एकदा सुटलं की निदान कुणाचं तरी डोकं उडवून परत तरी येई. हे नुसतंच फिरे. वीस मिनिटांनी वरून आवाज आला, ‘मामा, आलं!’

‘काय आलं?’

‘चूक ओळ क्रमांक ४१७ मध्ये आहे. फाईल नाकारण्यात येत आहे.’

बस्स. कुठली चूक, कसली चूक, काही नाही. ६१२ ओळींची फाईल, एका ओळीत चूक, म्हणून बाकीच्या ६११ जणांनाही घरी पाठवलं. पंगतीत एकाच्या पानात मीठ वाढायचं राहिलं म्हणून यजमानाने सगळी पंगत उठवावी तसं.

आम्ही शीटवर ४१७ वी ओळ काढली. ती आमच्या आळीतल्या एका अत्यंत निरुपद्रवी गृहस्थाची निघाली. या माणसाने आयुष्यात कुणाची सुपारी उचलली नाही (बाजारातली म्हणतोय मी). त्याला मी त्या दिवशी चार वेळा बोलावून आणला. नाव बरोबर आहे का? वडिलांचं? आधार आण. पासबुक आण. चौथ्या खेपेला तो रडवेला होऊन म्हणाला, ‘सेक्रेटरी, माज्यावर कय केस झाली का?’ त्याची ओळ आम्ही पुसून तीनदा नव्याने लिहिली. चक्र फिरे, आणि उत्तर तेच: ४१७.

दुसऱ्या दिवशी भाच्याच्या डोक्यात उजेड पडला. शीटवर पहिली ओळ रकान्यांच्या मथळ्यांची असते. ती ओळ शीट मोजते, संकेतस्थळ मोजत नाही. तेव्हा त्यांची ४१७ म्हणजे आमची ४१८. आम्ही ४१८ काढली.

४१८ व्या ओळीत मी होतो.

पत्ता: ‘घर नं. ८२, खालची आळी, मु. पो. अमुक, ता. अलिबाग, जि. रायगड.’ चार स्वल्पविराम. भाच्याने बाकीच्या ६११ पत्त्यांत एकही स्वल्पविराम घातला नव्हता, कारण त्याच्या पिढीला छड्या बसलेल्या नाहीत. आता ही जी फाईल चढवतात तिला सीएसव्ही म्हणतात. तिच्यात एक रकाना संपून दुसरा सुरू झाला हे सांगायला स्वल्पविरामच वापरतात. म्हणून माझं घर पत्त्यात राहिलं, आळी तालुक्याच्या रकान्यात गेली, पोस्ट जिल्ह्याच्या, तालुका पिनकोडच्या, आणि जिल्हा मोबाईल नंबरच्या. ‘जि. रायगड’ हा काही मोबाईल नंबर नव्हे, म्हणून यंत्र भडकलं.

‘म्हणजे चूक माझीच,’ मी खाली मान घालून म्हणालो.

‘नाही मामा,’ भाचा म्हणाला. तो गुणी मुलगा आहे. ‘शीटने तुमचा पत्ता अवतरणचिन्हांत गुंडाळून दिलाय. आतले स्वल्पविराम मोजायचे नाहीत, असा त्याचा अर्थ. २००५ साली आर.एफ.सी. ४१८० म्हणून टिपण निघालं, त्यात सगळं लिहिलंय. यांच्या यंत्राला अवतरणचिन्हं कळत नाहीत, त्याला आपण काय करणार?’

तिथे माझं टाळकं सरकलं. आणि हा लेख मी जो लिहितो आहे तो त्या सरकलेल्या टाळक्याने लिहितो आहे, हे आधीच कबूल करून टाकतो. स्वल्पविराम चुकवला म्हणून लहानपणी छडी खाल्ली. घातला म्हणून म्हातारपणी. आणि नियम मोडणारा मी नव्हतोच! नियम पाळणाराला चोर म्हणायचं, नियम न वाचणाराने न्यायाधीश व्हायचं, आणि वर निकालपत्रात कारण लिहायचं नाही?

मी स्वल्पविराम काढले. (माझ्या हाताने काढले. काय वाटलं ते विचारू नका.) पुन्हा टाकीवर. ‘चूक ओळ क्रमांक ४२३.’ ती काढली. ‘चूक ओळ क्रमांक ४४०.’ भातातला खडा एकेक घासाला दाताखाली यावा तसा हा प्रकार. बाबा रे, तू सबंध फाईल वाचतोस ना? मग सगळे खडे एकदम सांग की! पण तो पहिला खडा लागला की पान भिरकावून देणार आणि आपण पुन्हा भात रांधायला बसायचं. असे आम्ही एकोणीस दिवस रांधत होतो. त्यात पावसाचे दिवस. टाकीची शिडी निसरडी झाल्यावर माझ्या बायकोने भाच्याच्या कमरेला दोर बांधायला सुरुवात केली.

आता मी माझी बाजू मांडतो. १९७६ साली मी बँकेत लागलो तेव्हा पहिली काही वर्षं मुंबईला क्लिअरिंग खात्यात काढली. रोज संध्याकाळी चेकचे गठ्ठे यायचे. त्यात हरतऱ्हेचे नमुने: आकड्यात पाचशे आणि अक्षरात पन्नास, तारीख पुढल्या महिन्याची, सही अशी की कोंबडीने केली असावी. आम्ही काय करत होतो? चुकीचा चेक तेवढा बाजूला काढायचा, त्याला एक छापील चिठ्ठी जोडायची. चिठ्ठीवर परतीची कारणं ओळीने छापलेली असत, लागू असेल त्यावर खूण करायची, आणि तेवढा एक चेक परत. बाकीचा गठ्ठा पास. ‘तिसरा चेक चुकलाय, सबंध गठ्ठा घेऊन जा,’ असं मी म्हणालो असतो तर आमच्या अकौंटंटने मला त्या गठ्ठ्यासकट रस्त्यावर टाकलं असतं. आणि ज्या रकमेचा धनी सापडत नसे ती? ती सस्पेन्स खात्यात. म्हणजे ‘हे पैसे आलेत खरे, कुणाचे ते बघू, तोवर इथे ठेवू.’ सस्पेन्स खातं ही मानवजातीने लावलेल्या थोर शोधांपैकी एक गोष्ट आहे, असं माझं ठाम मत आहे. भाच्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, ‘मामा, आमच्यातही असतं ते. आलेली फाईल आधी एका कच्च्या तक्त्यात जशीच्या तशी उतरवायची, तिथे तपासायची, चांगल्या ओळी पुढे सरकवायच्या, वाईट ओळी कारणं लिहून परत द्यायच्या. पहिल्या वर्षाला शिकवतात.’

‘मग यांनी का नाही केलं?’

‘त्यात काम असतं.’

हेच ते. काम कुणीतरी करायचंच असतं. ते एकदा एका माणसाने तिकडे बसून केलं तर सगळ्या गावांचं भागतं. त्याने ते टाळलं की तेच काम गावोगावच्या टाक्यांवर, कमरेला दोर बांधून, रात्रीच्या वेळी करावं लागतं. आणि याला म्हणायचं सुलभीकरण. ‘अलिबागसे आया है क्या’ या वाक्यावर बंदी घाला म्हणून कुणी २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयात गेला होता. न्यायालयाने ती याचिका फेटाळली. मला तेव्हा निकाल योग्य वाटला होता. असल्या वाक्याला काय मनावर घ्यायचं! पण चक्र फिरून फिरून ‘फाईल नाकारण्यात येत आहे’ असं आलं, की त्याचा हिंदी अनुवाद मला स्पष्ट ऐकू येतो.

आता आमच्या बाजूनेही सगळं गंगाजळ नव्हतं, हे सांगितलं पाहिजे. माझ्या वहीत एकाखाली एक तोच तालुका आल्यावर मी ‘वरीलप्रमाणे’च्या दोन टिंबखुणा दिल्या होत्या, भाच्याने त्या इमानेइतबारे शीटवर उतरवल्या. एका सभासदाच्या मोबाईलच्या रकान्यात मी ‘मयत’ असं लिहिलं होतं. (खरंच होतं ते. नंबर कुठला देऊ?) एका जुन्या उताऱ्यावरून जिल्हा ‘कुलाबा’ असा उतरवला होता, १ जानेवारी १९८१ ला कुलाब्याचा रायगड झाला हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण हाताला जुनं वळण. या चुका मी आनंदाने दुरुस्त केल्या. माझी तक्रार ओरडणाऱ्या चुकांबद्दल नाहीच. ओरडणारी चूक परवडली. भांडण आहे ते गप्प बसणाऱ्या चुकांशी.

त्या अशा. आमच्याकडे जमिनीचा नंबर ‘१२/३’ असा लिहितात: सर्व्हे नंबर बारा, हिस्सा तीन. शीटला वाटलं ही तारीख आहे, बारा मार्च. तिने मनाशी चालू साल धरलं आणि आत त्याचा आकडा करून ठेवला ४४२६७. म्हणजे १ जानेवारी १९०० हा पहिला दिवस धरला तर १२ मार्च २०२१ हा कितवा दिवस, तो आकडा. कुणी विचारलं होतं? एवढ्या नंबराची जमीन हवी तर सबंध कोकणाचे तुकडे पाडावे लागतील. बरं, हा गावठी लोकांचा प्रश्न आहे असं समजू नका. माणसाच्या शरीरातल्या जनुकांना शास्त्रज्ञांनी जी आखूड नावं दिली त्यांत ‘मार्च १’ आणि ‘सेप्ट १’ अशी काही होती. एक्सेलमध्ये घातली की त्यांच्या तारखा होत. वर्षानुवर्षं जगभरचे संशोधक त्या तारखा निस्तरत बसले, आणि शेवटी २०२० साली जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने काय केलं असेल? जनुकांची नावं बदलली! ‘मार्च १’ची ‘मार्च-एफ १’ झाली आणि ‘सेप्ट १’ची ‘सेप्टिन १’. सासूला नाव उच्चारता येत नाही म्हणून सुनेचं नाव बदलतात, त्यातला प्रकार. तारीख करू नको असं सांगायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली ती २०२३ साली. याच एक्सेलच्या पंचांगात २९ फेब्रुवारी १९०० हा दिवस आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं. त्या आधीच्या लोटस नावाच्या प्रोग्रामात ती चूक होती, जुन्या फाईली बिघडू नयेत म्हणून यांनीही ती तशीच ठेवली. जो दिवस कधी उगवलाच नाही त्याला यांच्या यादीत जागा आहे, आणि आमच्या जित्याजागत्या माणसाला नाही.

इंग्लंडात त्याच वर्षी, सप्टेंबर-ऑक्टोबर २०२० मध्ये, करोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकडेवारीतून गळाले होते. फाईल जुन्या पद्धतीची, तिच्यात ६५,५३६ ओळींपलीकडे मावत नाही. पुढच्या ओळी आल्या त्या खाली सांडल्या. यंत्राने हूं की चूं केलं नाही. त्या रुग्णांना कळवलं होतं, पण त्यांच्या संपर्कात कोण आलं त्याचा शोध तेवढे दिवस लांबला. साहेबाच्या देशातली ही कथा. तेव्हा आम्ही टाकीवर चढून काय वेगळं मिळवणार होतो?

मराठीचे हाल तर निराळेच. फाईल साठवताना एक पर्याय चुकला की सगळी देवनागरी अक्षरं जाऊन त्या जागी प्रश्नचिन्हं येतात. एका रात्री मी पाहिलं तर सबंध गाव प्रश्नार्थक झालेलं. त्यातून सुटलो तर नावाला ‘पन्नास अक्षरांची मर्यादा’. पन्नासांत नाव बसतं की. पण ती पन्नास घरं इंग्रजी अक्षराची. मराठीचं प्रत्येक चिन्ह, अक्षर निराळं, काना निराळा, पाय मोडला तर तो निराळा, प्रत्येकी तीन घरं अडवतं. सोळा चिन्हं झाली की विळा फिरला. अर्ध्या गावाची आडनावं त्या सोळाच्या पलीकडे राहिली. आणि अर्ध्या ‘ऱ’ची गंमत! ‘गोऱ्हे’ हे आडनाव दोन तऱ्हांनी टाईप करता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या पोटात दोन वेगळी माणसं होतात. एकदा बँकेच्या यादीत एका तऱ्हेचं आणि आमच्या यादीत दुसऱ्या तऱ्हेचं असलं की ‘नाव जुळत नाही’. मी भिंग लावून दोन्ही पाहिली. जुळतात हो! उलट आमच्याकडे महादेव नावाचे पाटील चार आहेत. त्यांना यंत्राने सरसकट एकच ठरवलं आणि तिघांना ‘नोंद आधीच अस्तित्वात आहे’ म्हणून परत पाठवलं. ते चौघे एकमेकांशी वीस वर्षं बोलत नाहीत. आपण एक आहोत हे त्यांना प्रथमच कळलं.

अलिबागेला जुनी चुंबकीय वेधशाळा आहे. ती मुळात मुंबईला कुलाब्यात होती. मुंबईत विजेच्या ट्रॅमगाड्या येणार म्हटल्यावर त्या विजेने पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं बिघडतील, म्हणून ती समुद्रापलीकडे अलिबागेला हलवली, १९०४ साली. लहानपणी तिच्या कुंपणावरून जाताना आम्हाला खिशातला चाकूसुद्धा लपवावासा वाटे. बघा, आकडा बिघडू नये म्हणून त्या लोकांनी अख्खी वेधशाळा उचलून खाडीपलीकडे नेली. ‘आकड्यांनीच आपापलं बघावं, ट्रॅम चालूच राहील,’ असं कुणी म्हणालं नाही. तो काळ आणि हा काळ एकाच गावाने पाहिला.

असो. विसाव्या दिवशी भाच्याने फाईलचे पन्नास-पन्नास ओळींचे तुकडे केले आणि एकेक तुकडा चढवला. मधे एकदा नेट गेलं, तर तेवीस ओळी आत आणि सत्तावीस बाहेर. एका स्वल्पविरामासाठी सबंध गाव नाकारणारं यंत्र नेट तुटल्यावर अर्धा घास गिळून बसतं, हा कुठला न्याय, ते विचारायचं त्राण आमच्यात उरलं नव्हतं. अखेर पडद्यावर हिरवी अक्षरं उमटली: ‘६१२ पैकी ६१२ नोंदी यशस्वी.’ भाचा टाकीवरून उतरला तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. मी पेढे वाटले.

पैसे आले, बऱ्याच जणांचे आले. पण एका बँकेत ज्यांची खाती होती त्या एकोणचाळीस जणांपैकी फक्त चौघांना मिळाले. या बँकेचा खातेनंबर सोळा आकडी. आणि शीटला पंधरा आकड्यांच्या पुढे मोजता येत नाही. सोळाव्याच्या जागी ती शून्य ठेवते. सांगत नाही, सवरत नाही, लाल रंग नाही, चक्र नाही. ज्या चौघांच्या नंबराच्या शेवटी मुळातच शून्य होतं ते तरले. खातेनंबर हा काही बेरीज-वजाबाकी करायचा आकडा नव्हे. ते नाव आहे, अंकांत लिहिलेलं. त्याची कुणी बेरीज करत नाही. नमुना तयार करतानाच त्या रकान्याला ‘हा मजकूर आहे’ असं कुणी बजावून ठेवलं असतं तर हे घडलं नसतं. दोन मिनिटांचं काम. मी कार्यालयात गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी शांतपणे सांगितलं, ‘तुमच्याच संस्थेने चुकीची माहिती भरली, असं आमचं रेकॉर्ड सांगतं.’ रेकॉर्ड बरोबर होतं. त्या पस्तीस जणांसमोर मी बँकेतला माणूस होतो, ज्याला खातेनंबर लिहिता आला नाही.

त्या पस्तिसांत आमच्या पलीकडच्या वाडीतली आत्या आहे. सगळ्या गावाचीच आत्या. नवरा गेलेला, मुलगा मुंबईला. वादळात तिच्या दोनशेच्या वर पोफळी गेल्या, नारळ उरले तीन. तिच्या नंबराच्या शेवटी सात. ती दर सोमवारी पासबुक घेऊन यायची, ओटीवर बसायची, पान जमवायची (सुपारी आता विकतची) आणि म्हणायची, ‘माजा नंबर बरोबर हाय ना रं?’ मी म्हणायचो, ‘बरोबर आहे, आत्या. सातच आहे.’ मग आम्ही दोघंही त्या साताकडे बघत बसायचो.

दुरुस्तीची खिडकी, म्हणजे संकेतस्थळावरची, उघडायला दुसरा पावसाळा लागला. आम्ही पस्तीस ओळी हाताने, एकेक आकडा मोठ्याने म्हणत भरल्या. या वेळी नवी अट होती: लागवडीपूर्वीच्या मोकळ्या जागेचा फोटो जोडावा. भाचा मोबाईल घेऊन आत्याच्या वाडीत गेला आणि तसाच परत आला. मी पाहायला गेलो.

आत्याने वाट पाहिली नव्हती. पहिल्याच पावसात तिने शेजारणीकडून रोठा सुपारीची रोपं उसनवारीने आणून, ओळीने, दोरी धरून लावली होती. गुडघ्याच्या वर आली होती. मोकळी जागा कुठे नव्हतीच.

मी तिला अट समजावून सांगितली. तिने ऐकून घेतलं, रोपांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

‘मंग उपटू का, शेक्रेटरी?’

तिच्या वतीने कार्यालयाला एक अर्ज करतो आहे. चार दिवस झाले, मसुदा चालू आहे. अजून एकही स्वल्पविराम घातलेला नाही.